डिप्रेशनची गोळी, प्लेटलेट्स आणि हार्ट अटॅक: स्टेंट बसलेल्या वडिलांना ही गोळी द्यावी का?

एका मुलीने तिच्या वडिलांबद्दल विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचे ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. घरी आल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत, रात्र रात्र जागे असतात, अन्नावर वासना नाही. "मी आता काय कामाचा," असं दोनतीनदा म्हणाले. मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केली. पाकिटातल्या माहितीपत्रकात रक्तस्रावाचा इशारा आहे. एक नातेवाईक सांगतात की या गोळ्या हृदयाला वाईट. दुसरीकडे असंही वाचायला मिळतं की याच गोळ्यांनी अटॅक टळतो. खरं काय, आणि गोळी द्यायची की थांबवायची?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. सर्ट्रालिन स्वतःहून थांबवू नका. तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. ही गोळी मेंदूत जे काम करते तेच रक्तातल्या प्लेटलेट्सवरही करते, आणि त्यामुळे गुठळी बनण्याची क्रिया थोडी मंदावते. रक्तस्रावाची भीती असलेल्याला हे नुकसान वाटतं, गुठळीची भीती असलेल्याला हाच फायदा वाटतो. तुमच्या बाबांना सध्या दोन्हींची भीती आहे, म्हणून हा विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. नातेवाईकांचं "हृदयाला वाईट" हे म्हणणं जुन्या जातीच्या गोळ्यांबद्दल खरं होतं. त्याकडे पुढे येतो.

मी फिजिशियन आहे. अटॅकनंतरचे पेशंट सव्वीस वर्षं पाहतो आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं डिप्रेशन सुरुवातीला माझ्याही नजरेतून सुटलं आहे. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो.

प्लेटलेट्सपासून सुरू करू. मराठी पुस्तकांत त्यांना बिंबिका म्हणतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्ताच्या थेंबात त्या दीड ते साडेचार लाख असतात. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुकडे पडून त्या तयार होतात, त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य सात ते दहा दिवसांचं. रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर गेली की त्या तिथे चिकटतात, चपट्या होतात, हातपाय फुटल्यासारख्या पसरतात आणि पोटातल्या बारीक पिशव्या बाहेर रिकाम्या करतात. त्या पिशव्यांत शेजारच्या प्लेटलेट्सना बोलावणारी रसायनं असतात. त्यांतलं एक म्हणजे सेरोटोनिन.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आणि मूड आठवतो. पण शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात बनतं. तिथून ते रक्तात उतरतं आणि जवळजवळ सगळंच्या सगळं प्लेटलेट्स उचलून घेतात. त्याचा शोधही रक्तातूनच लागला. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज हे संशोधक रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ शोधत होते. रक्त गोठल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, म्हणजे सीरम, त्यात तो सापडला. सीरममधला, वाहिन्यांचा ताण वाढवणारा, म्हणून नाव पडलं सेरोटोनिन. गुठळी होताना प्लेटलेट्सनी आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या होत्या, म्हणून तो तिथे होता. मनाच्या आजारांशी त्याचा संबंध जोडला गेला तो नंतर.

आता मुद्दा असा की प्लेटलेट्सना सेरोटोनिन स्वतः बनवता येत नाही. त्या ते बाहेरून आत ओढतात, आणि त्यासाठी त्यांच्या भिंतीवर एक पंप असतो. चेतापेशींच्या टोकावर सेरोटोनिन परत आत ओढणारा जो पंप असतो, नेमका तोच. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटालोप्रॅम, एसिटालोप्रॅम, फ्लुव्होक्सामिन या गोळ्या एसएसआरआय गटातल्या आहेत आणि त्यांचं कामच हा पंप अडवणं. मेंदूत पंप अडला की सेरोटोनिन दोन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ राहतं. रक्तात पंप अडला की नव्याने जन्मलेल्या प्लेटलेट्सची पिशवी भरतच नाही. जुन्या प्लेटलेट्स आठदहा दिवसांत संपतात, नव्या रिकाम्या हाताने येतात, आणि काही आठवड्यांत प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन ८० टक्क्यांहून जास्त घटलेलं असतं.

इथे एक गैरसमज लगेच दूर करतो, कारण दर आठवड्याला कुणीतरी सीबीसीचा रिपोर्ट हातात घेऊन येतं. "डॉक्टर, काउंट तर दोन लाख सत्तर हजार आहे, मग कसली काळजी?" काउंट तसाच राहतो. एसएसआरआयने प्लेटलेट्सची संख्या कमी होत नाही, त्यांची पिशवी रिकामी होते. त्यामुळे काउंट पाहून ना धीर मिळवा, ना घाबरा. डेंगीत काउंट उतरतो ती गोष्ट पूर्ण वेगळी.

सेरोटोनिन एकटं फार ताकदवान नाही. एकट्याने ते गुठळी करत नाही. पण एडीपीसारख्या दुसऱ्या रसायनांनी प्लेटलेट्स जाग्या झाल्या की त्यांचा आवाज सेरोटोनिन कितीतरी वाढवतं. शिवाय त्याचं दुसरं काम रक्तवाहिनीवर आहे. १९९१ मध्ये पेशंटच्या हृदयाच्या धमन्यांत सेरोटोनिन सोडून पाहिलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. निरोगी धमनी त्याने रुंदावली, चरबीचे थर साचलेली धमनी आवळली गेली. ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. थर फुटतो, प्लेटलेट्स गोळा होतात, सेरोटोनिन सोडतात, आणि नेमक्या त्याच जागी धमनी आखडते. आधीच अरुंद झालेल्या जागी गुठळीही वाढते आणि वाटही बंद होते. बहुतेक हार्ट अटॅक याच वाटेने येतात. मग रिकाम्या पिशवीच्या प्लेटलेट्सनी हे कमी घडेल, असा विचार कुणाच्याही मनात येणारच.

पण त्याआधी डिप्रेशनकडे बघायला हवं. गोळीचे दुष्परिणाम मोजताना घरचे लोक आजार मोजायला विसरतात.

१९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अटॅक येऊन दाखल झालेले २२२ पेशंट सहा महिने पाहिले. दाखल असतानाच ज्यांना डिप्रेशन होतं, त्यांच्यात सहा महिन्यांतल्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या पाचपटीहून जास्त निघालं. हृदय किती कमजोर झालं होतं वगैरे गोष्टींचा हिशोब करूनही ते चौपट राहिलं. अभ्यास लहान होता, पुढच्या मोठ्या अभ्यासांत आकडा इतका मोठा आला नाही, पण दिशा तीच राहिली. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने शिफारस केली की अटॅकनंतर पेशंटची प्रकृती बिघडण्याचा धोका वाढवणारी गोष्ट म्हणून डिप्रेशनची अधिकृत नोंद व्हावी.

असं का होतं? कारणं बरीच आहेत आणि एकमेकांत गुंतलेली आहेत. ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, हृदयाचे ठोके परिस्थितीप्रमाणे कमीजास्त होण्याची लवचीकता कमी होते, शरीरात सूज वाढवणारी रसायनं जास्त राहतात. प्लेटलेट्सही वागायच्या तशा वागत नाहीत. १९९६ मध्ये एका प्रयोगात डिप्रेशनच्या पेशंटना आडवं झोपवून मग उभं केलं आणि रक्त तपासलं. त्यांच्या प्लेटलेट्स निरोगी माणसांपेक्षा लवकर चेतवल्या जात होत्या. म्हणजे आजार प्लेटलेट्सना चिथावतो आणि गोळी त्यांना शांत करते. चित्र सुबक आहे, म्हणूनच त्याबद्दल सावध राहायला हवं.

आणि एक कारण असं आहे की त्याला प्रयोगशाळा लागत नाही. डिप्रेशनमधला माणूस औषधं घेत नाही. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतला एक पेशंट स्टेंट बसवल्यानंतर अकराव्या आठवड्यात पुन्हा अटॅक घेऊन आला. स्टेंट गुठळीने बंद झाला होता. बायको शपथेवर सांगत होती की गोळ्या वेळच्या वेळी देते. दुसऱ्या दिवशी तिने घरून गोळ्यांचा डबा आणला. सकाळचे कप्पे रिकामे होते, रात्रीच्या कप्प्यांत मात्र गोळ्या तशाच, आणि क्लोपिडोग्रेल रात्रीच्या कप्प्यात होती. आम्ही दोघांनी मिळून मोजल्या, सोळा निघाल्या. रात्री तो खोलीचं दार लावून एकटा बसायचा. नंतर शुद्धीवर असताना मी विचारलं, तर म्हणाला, "घेऊन काय करायचं होतं?" त्याला डिप्रेशनची गोळी कुणीच दिली नव्हती, मीसुद्धा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा सगळा हिशोब मी चोख केला होता आणि त्या घेणाऱ्या माणसाकडे बघायचं राहून गेलं होतं.

तुमच्या बाबांना सर्ट्रालिन मिळाली याचा मला म्हणूनच आनंद आहे.

आता मूळ प्रश्न, या गोळ्यांनी अटॅक टळतो का? पुरावा जसा आहे तसा मांडतो.

एसएसआरआय घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना करणारे अभ्यास बरेच आहेत. २०१६ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. डिप्रेशनचं निदान झालेल्या, २० ते ६४ वयाच्या सुमारे २.४ लाख लोकांच्या नोंदी त्यात होत्या. पहिल्या वर्षात एसएसआरआय घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक कमी दिसले आणि ठोके बिघडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. ऐकायला छान वाटतं. पण जो नियमित डॉक्टरकडे जातो, गोळी घेतो, तो सिगारेटही सोडण्याची शक्यता जास्त, बीपीही तपासून घेतो. फायदा गोळीचा की त्या माणसाच्या वागण्याचा, हे अशा अभ्यासात पूर्ण वेगळं काढता येत नाही.

चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून, अर्ध्यांना गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन केलेल्या चाचण्यांना म्हणून जास्त वजन द्यावं लागतं. त्यांतली तुमच्या बाबांच्या सर्वांत जवळची चाचणी २००२ ची, नाव सॅडहार्ट. अटॅक किंवा अनस्टेबल अंजायना (अटॅकच्या उंबरठ्यावरचं छातीत दुखणं) होऊन गेलेले आणि डिप्रेशन असलेले ३६९ पेशंट, औषध सर्ट्रालिन, मुदत २४ आठवडे. हृदयाची पंपिंगची ताकद गोळीने कमी झाली नाही, ईसीजीत बिघाड वाढला नाही. गंभीर हृदयविकाराच्या घटना सर्ट्रालिन गटात १४.५ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २२.४ टक्के होत्या. फरक डोळ्यांत भरतो, पण पेशंट इतके थोडे की हा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्या चाचणीचं ठाम उत्तर एवढंच की सर्ट्रालिन अशा पेशंटमध्ये सुरक्षित आहे. याच चाचणीतल्या काही पेशंटच्या रक्ताचा वेगळा अभ्यास २००३ मध्ये आला. ॲस्पिरिन, काहींना क्लोपिडोग्रेलही चालू असताना सर्ट्रालिनने प्लेटलेट्स चेतवल्याच्या खुणा आणखी कमी केल्या होत्या. म्हणजे वर सांगितलेली यंत्रणा खऱ्या पेशंटच्या रक्तातही दिसली.

त्याच २००३ मध्ये एनरिच नावाच्या चाचणीचा निकाल आला. अटॅक येऊन गेलेले २,४८१ जण, समुपदेशनाची एक शिस्तबद्ध पद्धत, आणि गरज पडली तर सर्ट्रालिन. डिप्रेशन सुधारलं. पण पुन्हा अटॅक किंवा मृत्यू यांत दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा हिरमोड झाला होता. पुढे हृदय कमजोर झालेल्या पेशंटमध्ये सर्ट्रालिन आणि एसिटालोप्रॅमच्या चाचण्या झाल्या, त्यांतही हृदयाला वेगळा फायदा दिसला नाही. मग २०१८ मध्ये दक्षिण कोरियातून एक निकाल आला. अटॅक किंवा तत्सम त्रासानंतर डिप्रेशन असलेले ३०० जण, अर्ध्यांना २४ आठवडे एसिटालोप्रॅम, आणि नंतर सुमारे आठ वर्षं पाठपुरावा. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी घडलं ते एसिटालोप्रॅम गटात ४०.९ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ५३.६ टक्क्यांना. नुसता हार्ट अटॅक धरला तर ८.७ आणि १५.२ टक्के.

एवढ्यावरून माझं मत असं बनलं आहे: स्टेंट बसलेल्या माणसाला डिप्रेशन असेल तर एसएसआरआय निःशंक द्यावी, डिप्रेशनसाठी द्यावी, आणि हृदयाला थोडा फायदा झाला तर तो वरचा लाभ समजावा. डिप्रेशन नसलेल्याला निव्वळ प्लेटलेट्स शांत करायला ही गोळी द्यायचं काही कारण नाही. त्या कामाला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आहेत, त्यांचा पुरावा हजारो पेशंटचा आहे. आणि सर्ट्रालिन चालू आहे म्हणून क्लोपिडोग्रेल सोडली तरी चालेल, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. कोरियाच्या चाचणीतला फायदा प्लेटलेट्समुळे झाला की माणूस बरा होऊन औषधं घ्यायला आणि चालायला लागला म्हणून झाला, हे त्या चाचणीतून कळत नाही. पेशंटच्या दृष्टीने त्याने फारसं बिघडतही नाही.

आता माहितीपत्रकातला इशारा. तो खरा आहे.

१९९९ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून पहिल्यांदा ठळकपणे दिसलं की एसएसआरआय घेणाऱ्यांत जठरातून रक्तस्राव होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि सोबत दुखण्याची गोळी असेल तर ते कितीतरी जास्त. नंतरच्या अभ्यासांत तिप्पट टिकलं नाही, दीडपटीच्या आसपास आलं. दुखण्याच्या गोळीबरोबर धोका चढतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं. तुमच्या बाबांसारख्यांचा थेट हिशोब २०११ मध्ये कॅनडातून आला. अटॅकनंतर घरी गेलेले २७ हजार पेशंट. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांत एसएसआरआयची भर पडलेल्यांमध्ये दाखल व्हावं लागेल असा रक्तस्राव १.५७ पट होता. पट ऐकून घाबरायला होतं, म्हणून असं बघा: समजा दोन गोळ्यांवर १०० जणांत ४ जणांना असा रक्तस्राव होणार असेल, तर तीन गोळ्यांवर तो ६ जणांना होईल. उरलेल्या ९४ जणांना होणार नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती सगळ्यात मोठी असते. तिथे वाढ आहे, पण मुळात ती गोष्टच इतकी दुर्मीळ की २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणाप्रमाणे वर्षभरात १०,००० जणांनी गोळी घेतली तर जास्तीचा एक रुग्ण.

हा धोका बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो. का ते एका पेशंटवरून सांगतो. अडुसष्ट वर्षांच्या बाई, ॲस्पिरिन आणि एसिटालोप्रॅमवर चार वर्षं उत्तम होत्या. एक दिवस जिना चढताना धाप लागते म्हणून आल्या. घरच्यांना वाटलं, हृदयाचं दुखणं वाढलं. मी खालची पापणी ओढून पाहिली, आतला भाग पांढराफटक. हिमोग्लोबिन ७.१. शीचा रंग विचारला तर म्हणाल्या, "काळी होते, पण ती लोहाच्या गोळीने होतेच ना." लोहाची गोळी त्यांनी थकवा वाटतो म्हणून आठ दिवसांपूर्वी सुरू केली होती, शी त्याच्याही आधीपासून काळी होती. मी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. तळाशी डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी होती. गुडघ्यासाठी, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. "ती साधी दुखण्याची गोळी," म्हणून कुणाला सांगितलीच नव्हती. एंडोस्कोपीत जठरात दोन व्रण सापडले. चार वर्षं दोन गोळ्यांनी काही बिघडलं नव्हतं, तिसरीने तीन आठवड्यांत बिघडवलं.

म्हणून बाबांच्या बाबतीत पहिलं काम हे करा: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक यांपैकी काहीही घरात असेल तर ते त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही ही औषधं दडलेली असतात, मागचं बारीक अक्षर वाचा. दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. दारू घेत असतील तर त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, कारण जठराला तीही खाते. आणि जठराचं रक्षण करणारी गोळी चालू आहे का ते बघा. तीन गोळ्या एकत्र असताना ती असावी असं माझं मत आहे. फक्त क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल टाळून पँटोप्राझोल घेतलेली बरी. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातलं एक एन्झाइम तिला कामाला लावतं, आणि ओमेप्राझोल नेमकं त्या एन्झाइमला अडवतं.

एन्झाइमचा विषय निघाला तर सर्ट्रालिनच का निवडली असावी तेही सांगतो. एसएसआरआय सगळ्या सारख्या नाहीत. फ्लुओक्सेटिन आणि फ्लुव्होक्सामिन त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणजे क्लोपिडोग्रेल घेऊनही तिचा परिणाम कमी पडू शकतो. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन दुसऱ्या एका एन्झाइमला अडवतात, ज्याने मेटोप्रोलॉल शरीरातून निघून जातं. मग नेहमीच्या डोसचं मेटोप्रोलॉल कित्येक पटीने साचतं. माझ्याकडे एकजण चक्कर येऊन पडला म्हणून आला होता. मेंदूचा स्कॅन होऊन गेला होता, तो नॉर्मल. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी ४४. दहा दिवसांपूर्वी पॅरोक्सेटिन सुरू झाली होती, मेटोप्रोलॉल तेवढंच होतं. एक गोळी बदलली आणि आठवड्याभरात नाडी ६२ वर आली. सिटालोप्रॅमबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ आणि २०१२ मध्ये इशारे दिले. डोस वाढला की ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबतं आणि ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, म्हणून साठीपुढच्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये. या सगळ्यांत सर्ट्रालिन नेहमीच्या डोसला त्यामानाने कुणाच्या वाटेत येत नाही, आणि अटॅकनंतरच्या पेशंटमध्ये तिची पारख झालेली आहे. तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनी विचार करून निवड केली आहे.

नातेवाईकांचं म्हणणं कुठून आलं असेल, त्याचाही अंदाज आहे. फ्लुओक्सेटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. त्याआधी इमिप्रामिन, ॲमिट्रिप्टिलिन या ट्रायसायक्लिक गटाच्या गोळ्या सर्रास वापरल्या जायच्या. त्या हृदयातल्या विजेच्या वहनावर परिणाम करतात, ठोके वाढवतात, उभं राहताना बीपी पाडतात. अटॅक येऊन गेलेल्याला त्या आजही टाळतात. ॲमिट्रिप्टिलिन अजून लहान डोसमध्ये नसांच्या दुखण्यासाठी आणि मायग्रेनसाठी दिली जाते, तेव्हा पुढे कधी बाबांना कुणी ती लिहून दिली तर स्टेंटचं आवर्जून सांगा. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनही सेरोटोनिनचा पंप अडवतात, शिवाय बीपी चढवू शकतात. मिर्टाझापिन आणि ब्युप्रोपिऑन या पंपाला फारसा हात लावत नाहीत. ज्याला आधी जठरातून मोठा रक्तस्राव होऊन गेला आहे त्याच्यासाठी मी मनोविकारतज्ज्ञांना मिर्टाझापिनचा विचार करायला सुचवतो. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्या माणसाला तिने आरामही पडतो, वजन मात्र वाढतं.

लक्ष कशावर ठेवायचं? हातांवर छोटे निळे डाग, दाढी करताना कापलं तर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ, ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त, हे तीन गोळ्यांवर दिसू शकतं. पुढच्या भेटीत सांगा, त्यासाठी रात्री धावाधाव नको. पण डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक भयंकर डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. छातीत पुन्हा कळ आली तर तेच. पहिले पंधरा दिवस मळमळ, थोडे जुलाब किंवा अस्वस्थपणा होऊ शकतो, तो बहुतेकांचा जातो. वय साठीपुढे आहे, त्यामुळे तीनचार आठवड्यांनी एकदा रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. ते उतरलं तर माणूस गोंधळल्यासारखा वागतो आणि घरच्यांना वाटतं की डिप्रेशन वाढलं.

गोळी मध्येच एकदम तोडू नका. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. दात काढायचा असेल किंवा कुठलं ऑपरेशन ठरलं तर दाताच्या डॉक्टरांना आणि सर्जनना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलबरोबर सर्ट्रालिनचंही नाव सांगा. लोक ते सांगत नाहीत. काहींना संकोच वाटतो, काहींना ती "रक्ताची गोळी" वाटत नाही. काय थांबवायचं, किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. नवा स्टेंट असताना त्या दोन गोळ्या कुणाच्याही तोंडी सांगण्यावरून थांबवायच्या नाहीत.

दोन्ही डॉक्टरांकडे एकच यादी जाऊ दे. एका कागदावर सगळी औषधं, डोस, सुरू केल्याची तारीख. अशा त्रासांतले निम्मे मी केवळ हृदयाच्या डॉक्टरांना मनाची गोळी माहीत नव्हती आणि मनाच्या डॉक्टरांना हृदयाची माहीत नव्हती म्हणून झालेले पाहिले आहेत. तुमच्या पत्रातून तरी मला कळत नाही की हृदयरोगतज्ज्ञांना सर्ट्रालिनचं सांगितलं आहे की नाही. सांगितलं नसेल तर उद्या फोन करा.

आणि "मी आता काय कामाचा" या वाक्याबद्दल. प्लेटलेट्सपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. सर्ट्रालिनचा मनावरचा परिणाम जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना एकटं फार वेळ ठेवू नका, औषधांची चावी तुमच्याकडे ठेवा, आणि एकदा शांतपणे जवळ बसून स्पष्ट विचारा: "बाबा, जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं. उत्तर हो आलं, किंवा त्यांनी नुसती मान फिरवली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवा, आणि ते भेटले नाहीत तर जवळच्या इमर्जन्सी विभागात घेऊन जा.